पत्त्यांचा जोड आणि जादूगाराची सचोटी

गेल्या स्नेहसंमेलनांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पत्त्यांचे चार खेळ करून दाखविले. टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु दुसऱ्याच दिवशीं एका पालकांचें पत्र आलें, आणि त्या जोडाची रवानगी कार्यालयांतील कपाटांत झाली. पत्राचा आशय एवढाच होता कीं, ज्या शाळेच्या दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें होतो, तेथें जुगाऱ्याचें हत्यार व्यासपीठावर येतें कसें? पत्रलेखक गृहस्थांविषयीं आम्हांस आदर आहे. त्यांची भीति पोकळ नाहीं. पत्त्यांच्या पायीं शेतें गहाण पडलेलीं व बायकांच्या अंगावरील सोनें गेलेलें पाहिलेलीं माणसें प्रत्येक गांवांत सांपडतील. पुढें तर हा जुगार भ्रमणध्वनींत शिरून मुलांच्या उशाशीं येऊन बसला, आणि पैसे लावून खेळावयाच्या असल्या खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेस २०२५ सालीं करावा लागला. तरीही त्या मुलाच्या हातांतून तो जोड काढून घेण्यांत चूक झाली असें आमचें मत आहे.

जुगारी व जादूगार या दोघांचें हस्तलाघव एकच असतें, ही गोष्ट आम्ही प्रथमच कबूल करतों. पत्त्यांच्या जादूगारांत ज्याला सर्वांनीं गुरु मानलें, त्या डाय व्हर्ननचीच कथा घ्या. हा १८९४ सालीं कॅनडांतील ओटावा शहरीं जन्मला. सातव्या वर्षीं आपण पहिली युक्ति शिकलों, त्यापूर्वींचीं सहा वर्षें फुकट गेलीं, असें तो थट्टेनें म्हणत असे. १९०२ सालीं शिकागो येथें पत्त्यांच्या लबाड्यांवर एक पुस्तक निघालें होतें. त्याच्या कर्त्यानें अर्डनेस हें टोपण नांव धारण केलें होतें, आणि त्याचें खरें नांव कोणतें याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तें पुस्तक या मुलानें बाळपणींच मुखोद्गत केलें. पाहा, धर्मपुस्तकाप्रमाणें ज्याचें पठण केलें तें पुस्तक ठकविद्येचें!

पुढें १९३२ सालीं व्हर्नन अमेरिकेंतील विचिटा गांवीं काळ्या कागदांतून लोकांच्या मुखाकृति कातरून पोट भरीत होता. तेथील तुरुंगांतल्या एका कैद्याकडून त्याला बातमी लागली कीं, जोडाच्या वरचा नव्हे, तळचाही नव्हे, तर नेमका मधला पत्ता कोणाच्या लक्षांत न येतां वाटून देणारा एक मनुष्य या मुलुखांत आहे. असें करणें अशक्य, असें जाणते लोक मानीत असत. व्हर्नननें त्या माणसाचा शोध चालविला आणि अखेरीस मिसूरी प्रांतांतील प्लेझंट हिल या लहानशा गांवीं अॅलन केनेडी नांवाचा जुगारी त्याला भेटला. केनेडीनें ती करामत त्याला करून दाखविली. दोघे समोरासमोर बसले तेव्हां चार हात होते, बोटें सारखींच शिकलेलीं होतीं, आणि जोडही एकच होता. मग अंतर कोठें होतें?

आमच्या मतें तें अंतर बोलींत होतें. केनेडी ज्या मेजावर बसे, तेथें 'आपण सारे न्यायानें खेळत आहों' अशी न बोललेली बोली असे, आणि ती तो मोडीत असे. व्हर्नन आरंभींच सांगे कीं, मी तुम्हांस फसविणार आहें, नीट पाहा. अशी पूर्वसूचना देऊन फसविणारा मनुष्य जगांत जादूगारावांचून दुसरा कोण आहे? व्यापारी देत नाहीं, उमेदवार देत नाहीं. आणि परीक्षेच्या पूर्वीं तब्येत बिघडल्याचें सांगणारे आमचे कांहीं बालमित्रही देत नाहींत!

या धंद्यांत सुखच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. व्हर्नननें पत्त्यांपुढें संसाराकडे फारसें पाहिलें नाहीं, आणि याबद्दल त्याची स्तुति आमच्यानें करवत नाहीं. १९४१ सालीं तो न्यूयॉर्कमध्यें नदीकांठच्या एका बांधकामावर कामास लागला असतां उंचावरून नदींत पडला व त्याचे दोन्ही हात मोडले. ज्या हातांवर सारें आयुष्य उभें तेच हात! ते पुनः चालूं लागले, आणि अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन १९९२ सालीं वारेपर्यंत तो तरुणांस पत्ते शिकवीत राहिला.

ज्याला फसविण्याची कला ठाऊक आहे, तो सहसा फसत नाहीं. या बाबतींत हूडिनी या विख्यात जादूगाराचें उदाहरण पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. एक खेळ तीन वेळां पाहिला कीं त्यांतील मर्म आपण सांगूं, अशी त्याची प्रौढी होती. १९२२ सालीं शिकागो येथें व्हर्नननेंच ती उतरविली. मधोमध घातलेला पत्ता पुनः पुनः वर येई, आणि हूडिनीस तो कसा येतो हें सांगतां येईना. त्याच वर्षीं सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीनें हूडिनीच्या मृत मातेचा 'संदेश' म्हणून कागदामागून कागद लिहून काढले. आरंभीं क्रुसाचें चिन्ह होतें व मजकूर इंग्रजींत होता. माता तर यहुदी धर्मगुरूची पत्नी, आणि इंग्रजी तिला बोलतां येत नसे! मातेवर त्या मुलाचें अपार प्रेम होतें. तो संदेश खरा असता तर सर्वांत अधिक आनंद त्यालाच झाला असता. तरी त्यानें तो नाकारला, डॉइलसारख्या मित्रास गमावलें, आणि मृतांशीं बोलवून देतों म्हणून शोकाकुल लोकांचे पैसे उकळणाऱ्यांस उघडें पाडण्यांत आपलीं शेवटचीं वर्षें घालविलीं. आपल्या महाराष्ट्रांतही अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे कार्यकर्ते गांवोगांव बुवांचे 'चमत्कार' स्वतः करून दाखवितात व त्यांतील युक्ति उलगडून सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा ज्या २०१३ सालीं पुण्यांत खून झाला, त्याच सालीं जादूटोणाविरोधी कायदा येथें झाला. हातचलाखी हें त्या कार्यांतील एक साधन होय, आणि तें कोणीतरी लहानपणींच हातीं घेतलेलें असावें लागतें.

'पण अभ्यासाचें काय?' हा प्रश्न राहिला. पर्सी डायकोनिस नांवाचा न्यूयॉर्कचा एक मुलगा चौदाव्या वर्षीं घर सोडून व्हर्ननबरोबर निघून गेला. (हें अनुकरणीय नव्हे, हें सांगावयास नकोच.) पत्त्यांच्या नादानें त्याला संभवगणिताची गोडी लागली, परंतु त्या विषयावरील एक मोठा ग्रंथ हातीं आला तेव्हां गणितावांचून तो वाचतां येईना. मग तो रात्रीच्या महाविद्यालयांत गेला, १९७४ सालीं हार्वर्डचा डॉक्टर झाला, आणि पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठांत अध्यापक झाला. १९९२ सालीं त्यानें बेअर नामक सहकाऱ्यासह दाखवून दिलें कीं, जोडाचे दोन भाग करून ते एकमेकांत सोडून पिसले, तर बावन्न पत्ते पुरते मिसळण्यास सात वेळां पिसणें लागतें. आपण घरीं हातावर वरवर पिसतों त्या रीतीनें मात्र हजारों वेळां पिसावें लागेल. बावन्न पत्त्यांच्या मांडणीचे प्रकार किती, हें आमच्या दहावींतील विद्यार्थ्यांनीं मांडून पाहावें. ती संख्या अडुसष्ट अंकी आहे. उत्तर लिहावयास कागद आडवा धरावा.

आणि पत्ते परकीय म्हणून वर्ज्य, असें कोणी म्हणत असेल तर त्यानें सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहावी: एकशेंवीस वाटोळीं पानें, दहा अवतारांच्या दहा रंगांचीं, हातानें रंगविलेलीं.

आमची सूचना अशी आहे. पत्ते पैशासाठीं, शर्यतीसाठीं वा खाऊच्या पैजेसाठींही शाळेच्या आवारांत कोणी खेळूं नयेत. तेथें शिक्षा खुशाल व्हावी. परंतु शनिवारीं शेवटच्या तासानंतर विज्ञानाच्या खोलींत, एका शिक्षकांच्या देखत, ज्यांना हातचलाखी शिकावयाची आहे त्यांना ती शिकूं द्यावी. त्यांच्याकडून एकच वचन घ्यावें: जें कराल त्याला हातचलाखी म्हणा, सिद्धि म्हणूं नका. पत्रलेखक गृहस्थांनींही पहिल्या शनिवारीं यावें, अशी आमची त्यांस सविनय विनंति आहे. कपाटांतील जोड त्या मुलास तत्पूर्वीं परत मिळावा. त्यांतील बदामाची दुर्री संमेलनाच्या दिवशीं आमच्याच खिशांतून निघाली होती. ती तेथें गेली कशी, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.