पिकअप डिझेलची की गॅसची? आधी खेपा मोजा

*सभासदांसाठी संदेश : बारामती-इंदापूर*

आज फवारणीचा सल्ला नाही, गाडीचा आहे.

गेल्या महिनाभरात डाळिंबावरच्या तेल्यापेक्षा जास्त फोन मला एकाच प्रश्नासाठी आले. "साहेब, पिकअप घ्यायचीय. डिझेलची घेऊ का गॅसची?" मी कृषी पदविकेचा माणूस, इंजिनाचा मिस्त्री नाही. पण संकलन केंद्रावर तुमच्या गाड्या रोज बघतो, कुणाची कशामुळे उभी राहिली ते ऐकतो. माल उशिरा आला की कारण बऱ्याच वेळा पिकात नसतं, गाडीत असतं. तेव्हा माझं मत सरळ सांगतो.

तुमच्या रोजच्या खेपा लहान असतील, म्हणजे शेत ते केंद्र, गोठा ते डेअरी, गाव ते तालुका, तर नवी डिझेल पिकअप घेऊ नका. आणि तुमची गाडी दिवसाआड वाशी किंवा गुलटेकडी करत असेल, तर गॅसच्या नादी लागू नका. देखभालीचा खर्च इंधनावर ठरतो त्यापेक्षा जास्त खेपेवर ठरतो. शोरूमवाला तुम्हाला अ‍ॅव्हरेज सांगेल, हप्ता सांगेल. तुमची खेप किती किलोमीटरची, हे तो विचारणार नाही.

आपल्याकडं समज असा की डिझेल म्हणजे दणकट. ऑइल बदललं की झालं, बाकी बघायचं काम नाही. हे जुन्या गाड्यांबाबत बरंचसं खरं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. आता सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. इंजिनातून निघणारी काजळी ती अडवून धरते.

ड्रीपच्या सँड फिल्टरचा विचार करा. पाणी जातं, गाळ अडतो. दोन्ही मीटरच्या दाबात फरक वाढला की तुम्ही बॅकवॉश घेता. नाही घेतला तर शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नाही. डीपीएफचंही तसंच आहे. फरक एवढाच की त्याचा बॅकवॉश पाण्यानं होत नाही, उष्णतेनं होतो. गाळणीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेलं की साचलेली काजळी जळून जाते. त्यासाठी इंजिन तापलेलं हवं आणि गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळालेली हवी. सोलापूर हायवेला भिगवणवरून पाटसकडं निघालेल्या गाडीत हे काम चालकाला कळतही नाही, आपोआप होतं.

आता आपली रोजची खेप बघा. वस्तीवरून निघायचं, कच्चा रस्ता, दुसरा-तिसरा गिअर, चार किलोमीटरवर डेअरी. तिथं गाडी चालू ठेवून कॅन उतरवायचे. परत चार किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत खेप संपते. काजळी रोज साचते, जळत कधीच नाही.

कळसच्या बाजूच्या आपल्या एका सभासदाची नवी डिझेल पिकअप अशाच दूध-चाऱ्याच्या खेपांवर होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दादा म्हणाले, गाडी तर पळतेय, बघू नंतर. नंतर गाडीची ओढच गेली. वर्कशॉपमध्ये मशीन लावून गाळणी साफ करावी लागली. टोचन, मजुरी, ऑइल धरून बिल पाच आकडी झालं, आणि चार दिवस दूध भाड्याच्या गाडीनं गेलं. गाडी खराब नव्हती. ती ज्या कामाला बनलीय ते काम तिला मिळत नव्हतं.

आत्ता ज्यांच्याकडं बीएस-६ डिझेल आहे, त्यांनी घाबरू नका. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा आणि अर्धा तास एका चालीत पळवा. तो दिवा लागला तर त्याच दिवशी काढा, रविवारची वाट बघू नका. ऑइलची पट्टी बघायची सवय लावा. ऑइल कमी झालेलं सगळे ओळखतात, पण पट्टीवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तरी सावध व्हा. काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल अर्धवट राहिलं की ते खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलंय म्हणून पिकअपला ओतू नका. त्याची राख गाळणीत बसते, आणि राख काही जळत नाही.

दुसरी आपली खोड म्हणजे कॅनमधलं डिझेल. ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये कॅन भरून ठेवलेला असतो, पिकअप कोरडी पडली की त्यातलंच ओततो. त्या कॅनमध्ये पाणी असतं, धूळ असते. जुना ट्रॅक्टर ते पचवतो. नव्या पिकअपचा पंप आणि इंजेक्टर फार बारीक कामाचे, त्यांना ते सोसत नाही. चार इंजेक्टरचा खर्च एकदा गॅरेजमध्ये विचारून या, मग कॅनकडं बघायचं धाडस होणार नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्यातलं पाणी काढणं हे त्यापुढं काहीच नाही. काही मॉडेलना डीईएफ, म्हणजे ते निळ्या झाकणाच्या टाकीतलं द्रावण, वेगळं लागतं. घेतानाच विचारा, तुमच्या मॉडेलला लागतं का.

आणि हो, "डीपीएफ काढून टाकतो, कटकटच मिटली" असं सांगणारे मिस्त्री आता आपल्या भागातही आहेत. त्यांचं ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि पासिंगला गाडी नेली की तुम्ही अडकता. मिस्त्री नाही.

*आता गॅसकडं येऊ.*

गॅसच्या गाडीला काजळीची गाळणी नाही, इंजेक्टरची ती धास्ती नाही, ऑइल बराच काळ स्वच्छ राहतं. लहान खेपा, सारखं चालू-बंद, हे ती डिझेलपेक्षा मुकाट सहन करते. म्हणूनच मोठ्या कंपन्यांनी पिकअपमध्येही गॅस आणला. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये सीएनजी मिळते. टाटांनी २०२२ मध्ये गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी इंट्रा व्ही-२० काढली. छोटा हत्ती तर गॅसवर कधीचाच फिरतोय.

पण फुकट काहीच नाही. गॅसच्या इंजिनाला स्पार्क प्लग असतात, ते वेळेवर बदलावे लागतात. प्लग थकला की गाडी झटके देते, आणि आपण म्हणतो पंपावरचा गॅसच खराब. गॅस कोरडा जळतो, त्यामुळं व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटची झीज होते. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला व्हॉल्व्हची सेटिंग तपासून घ्यायची. गॅसचा फिल्टर वेगळा, तोही बदलायचा. हवेचा फिल्टर तर दोन्ही गाड्यांत तेवढाच नाजूक. ऊसतोडीच्या दिवसांत सणसर-लासुर्ण्याकडच्या रस्त्यांवर जी धूळ असते, तिच्यात पुस्तकातला आकडा विसरा आणि निम्म्यावरच फिल्टर उघडून बघा.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. गॅस टाकीत दोनशे बारच्या आसपास दाबानं भरलेला असतो, त्यामुळं यात हयगय नको. टाकी काढून मान्यताप्राप्त केंद्रात तपासतात, त्यात गाडीचा एक-दोन दिवस जातो. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि हंगाम नसताना करून घ्या. डाळिंबाच्या तोडणीत पंपवाल्यानं सर्टिफिकेट मागितलं आणि गॅस नाकारला तर माल गाडीतच तापतो.

घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीला जोडणारे महाभाग अजून आहेत. त्यांना एवढंच सांगतो, तो गॅस वेगळा, टाकी वेगळी, आणि पेटली तर विमा एक रुपया देणार नाही.

गॅसचा खरा खर्च मात्र गॅरेजच्या बिलात दिसत नाही. तो पंपावरच्या रांगेत असतो. ज्या पंपाला पाइपलाइन आहे तिथं दाब टिकतो. जिथं गॅस ट्रकवरच्या टाक्यांतून येतो, तिथं ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो आणि तुमची टाकी अर्धीमुर्धी भरते. उन्हाळ्यात गॅस तापून फुगतो, म्हणून आणखी कमी बसतो. गाडी घेण्याआधी तुमच्या रोजच्या वाटेवरचा पंप कुठल्या प्रकारचा आहे, ते स्वतः जाऊन बघा. तेही सकाळी नाही, संध्याकाळी जा.

आता हिशेब. दर रोज बदलतात, म्हणून मी 'समजा' धरून मांडतो, तुम्ही आजचे आकडे टाका. समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि अ‍ॅव्हरेज १२. गॅस ९५ रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज १५. वर्षाला १२,००० किमी चालवली तर डिझेल लागेल १,००० लिटर, म्हणजे ९०,००० रुपये. गॅस लागेल ८०० किलो, म्हणजे ७६,००० रुपये. वाचले १४,०००. फार मोठी रक्कम नाही, पण लहान खेपांत डीपीएफची कटकटही वाचते, म्हणून गॅस पुढं.

वर्षाला ३६,००० किमी असेल तर? डिझेल २ लाख ७० हजारांचं, गॅस २ लाख २८ हजारांचा. वाचले ४२,०००. इथं वाटतं गॅसच घ्यावी. थांबा. एका भरण्यात १० किलो बसला तर गाडी १५० किमी चालते. म्हणजे वर्षात २४० वेळा पंपावर जायचं. दर वेळी अर्धा तास धरला तर १२० तास झाले. रोज दहा तास गाडी चालते धरलं, तर पूर्ण बारा दिवस तुम्ही रांगेत उभे. त्यातली एखादी रांग रात्री वाशीला जाताना लागली आणि पहाटेच्या सौद्याला माल उशिरा पोचला, तर त्या एका दिवशी किती गेलं ते तुम्हीच सांगा. लांबच्या खेपेत डिझेलची गाळणी आपोआप साफ होते, इंजिन खुशीत असतं. तिथं डिझेलच बरी.

एक गोष्ट लक्षात असू द्या. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा गॅस आणि डिझेलच्या दरात मोठं अंतर होतं. पुढं गॅस वाढत गेला आणि अंतर आटलं. "गॅस निम्म्यात पडतो" हे वाक्य त्या वेळचं आहे. अजून कुणी तेच सांगत असेल तर त्याला आजची पावती दाखवायला सांगा.

बाकी टायर, क्लच, ब्रेक, पाटे, बेअरिंग यांना इंधन कळत नाही. त्यांना वजन कळतं. दोन्ही गाड्यांत सगळ्यात जास्त पैसा इथंच जातो, आणि तो आपण जादा क्रेट चढवून स्वतःच्या हातानं घालवतो. गॅसच्या मॉडेलमध्ये टाक्यांचं वजन धरून माल थोडा कमी बसतो, म्हणून कागदावरची क्षमता वाचूनच घ्या. ओव्हरलोडला २०१९ च्या कायद्यानं २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आपली भरलेली गाडी मुंबईकडं जाताना बोरघाट उतरते, चढताना रिकामे क्रेट असतात. म्हणजे घाटात आपल्याला इंजिनापेक्षा ब्रेकची काळजी जास्त. चालकाला सांगा, गिअरमध्ये उतर, सगळा भार ब्रेकवर देऊ नको.

"डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात" हा मेसेज सारखा फिरतो. तो दिल्ली आणि आसपासच्या भागाचा विषय आहे, आपल्याकडं तसा नियम नाही. आपल्याकडं पासिंग बघा: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी. जुनी बीएस-४ डिझेल चांगल्या अवस्थेत मिळत असेल, तर लहान खेपांसाठी मी तिला वाईट म्हणणार नाही. फक्त सोबत आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको.

आणि ज्यांची गाडी महिन्यात दहा-बारा दिवसच हलणार आहे, त्यांनी डिझेलही घेऊ नये आणि गॅसही. उभ्या गाडीलाही हप्ता, विमा आणि बॅटरी लागते. निमगाव केतकीकडं तीन-चार जणांनी मिळून एक गाडी ठरवली की सगळ्यांचा माल एकाच खेपेत निघतो. काही गटांत हे चालू आहे, बाकीच्यांनी विचार करा. भांडण टाळायचं असेल तर डिझेल कुणी भरायचं आणि सर्व्हिसिंग कुणाच्या नावानं, हे आधी वहीत लिहा.

ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी एकच काम. आजपासून पंधरा दिवस, भाड्याची असो वा घरची, प्रत्येक खेपेचे किलोमीटर, माल किती आणि गाडी किती वेळ उभी राहिली, हे वहीत लिहा. त्या पानांचा फोटो मला पाठवा, ग्रुपवर नको, वैयक्तिक पाठवा. शनिवारी दुपारी मी केंद्रावर असतो, तिथं बसून हिशेब करू. तोपर्यंत बुकिंगचे पैसे देऊ नका.

– आपल्या कंपनीचा कृषी सल्लागार