गाड्यांची धूर-तपासणी खरोखर सक्तीची व्हावी

मी विद्यार्थी आहे आणि माझ्या नावावर एकही गाडी नाही. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने गाडीवाल्यांना शहाणपण सांगू नये, असे कोणी म्हणेल. परंतु गाडी एकाची असली तरी तिचा धूर सर्वांच्या वाट्याला येतो. म्हणून सौंसर आणि पांढुर्णा भागातील सर्व गाड्यांच्या धुराची नियमित तपासणी सक्तीने व्हावी, ही सूचना मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

आता कोणी विचारील, असा कायदा तर आहेच ना? होय, आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यानुसार नोंदणीला एक वर्ष झाल्यावर प्रत्येक गाडीजवळ ‘पीयूसी’ म्हणजे धूर-तपासणीचा दाखला असावा लागतो. जुन्या गाडीला तो दर सहा महिन्यांनी व भारत स्टेज चार किंवा त्यानंतरच्या गाडीला वर्षातून एकदा काढावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने या बाबतीतला दंड दहा हजार रुपयांपर्यंत वाढविला. विम्याचे नूतनीकरण दाखल्याशिवाय करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले होते. पण त्यामुळे पुष्कळ गाड्या विम्यावाचूनच धावू लागल्या, आणि अपघातात सापडलेल्यांना भरपाई कोण देणार हा प्रश्न उभा राहिला. म्हणून २०२४ साली न्यायालयाने ती अट काढून टाकली. म्हणजे दाखला घ्यावयास लावणारा एक दोर सुटला. आता उरली ती रस्त्यावरची तपासणी आणि आपली स्वतःची समज.

हा धूर करतो तरी काय? पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला प्राणवायू कमी पडतो. डिझेलच्या काळ्या धुरातील काजळी इतकी बारीक असते की ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. बस-स्टँडवर तासन् तास बसणारा फळविक्रेता, रस्त्याकाठच्या शाळेतील मूल, दम्याचा रोगी आणि गरोदर बाई यांना त्याचा त्रास अधिक होतो.

शेतकऱ्याचेही यात नुकसान आहे. धुरातील नायट्रोजनचे वायू आणि न जळालेल्या इंधनाची वाफ यांवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो, पण जमिनीलगतचा ओझोन पानांत शिरून पिकाची वाढ खुंटवितो. गहू आणि सोयाबीन ही पिके त्याला विशेष नाजूक आहेत. हा वायू वाऱ्याबरोबर शहरातून खेड्यात येतो. त्याला धुऱ्याचा अडसर नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्याच्या शहरांच्या यादीत शेजारचे नागपूर आहे, भोपाळ आहे, इंदूर आहे; सौंसर आणि पांढुर्णा नाहीत. मोठ्या शहरांसाठी योजना येतात, लहान गावांनी आपली काळजी आपणच घ्यावी लागते. पांढुर्णा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने नव्या सवयी लावून घ्याव्यात, हे बरे.

दोन आक्षेप मी ऐकतो. पहिला असा की गरीब माणसाला हा भुर्दंड आहे. पण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, अर्थात सायलेन्सरमधून उडून गेलेला पैसा. एअर फिल्टर साफ करणे, नोझल तपासून घेणे, भेसळीचे इंधन न भरणे आणि गाडीवर ताकदीपलीकडे माल न लादणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जळते आहे, असे समजावे. वेळीच केलेली दुरुस्ती दहा हजारांच्या दंडापेक्षा स्वस्तच पडेल.

दुसरा आक्षेप असा की धुऱ्यावरचा कचरा आणि घरची चूल यांचाही धूर होतो. खरे आहे, तोही कमी केला पाहिजे. पण घरात दोन ठिकाणी छप्पर गळत असेल तर एक भोक बुजविण्यास दुसऱ्याची वाट पाहू नये.

माझ्या सूचना थोडक्यात अशा. आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणीची फिरती गाडी तहसिलीच्या गावी आणावी. पहिले दोन महिने दंड न करता नापासाची चिठ्ठी द्यावी व दुरुस्तीला मुदत द्यावी. अशा चिठ्ठीची सोय २०२१ पासून नियमातच आहे. सुरुवात सरकारी व नगरपालिकेच्या गाड्या, शाळेच्या गाड्या आणि प्रवासी ऑटो यांपासून व्हावी, म्हणजे सामान्य माणसाला अन्याय वाटणार नाही. किती गाड्या तपासल्या व किती नापास झाल्या, हे दरमहा नगरपालिकेच्या फलकावर लिहावे. आणि गाडी न आणता नुसता दाखला देणाऱ्या केंद्राचा परवाना रद्द करावा, कारण खोट्या दाखल्याने हवा स्वच्छ होत नाही.

या तपासणीत सर्व काही कळते असे नाही. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा, एवढेच ती मोजते. नायट्रोजनचे वायू मोजीत नाही. तरीपण सर्वांत जास्त धूर ओकणारी गाडी तिच्यातून सुटत नाही, आणि पुष्कळशी घाण अशा थोड्याच गाड्या करतात.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आजच आपल्या दाखल्यावरची तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल तर पुढच्या बाजाराच्या आधी तपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती.