बंदी उठली तरी दर्या शांत होत नाही

मच्छीमार बांधवांनो, १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची बंदी संपत आली की बंदरावर एकच लगबग सुरू होते. जाळी दुरुस्त होतात, इंजिनाचे तेलपाणी होते आणि सोसायटीचा थकलेला हप्ता डोळ्यासमोर नाचू लागतो. दोन महिने हात बांधून बसलेला माणूस १ ऑगस्टची वाट बघतो, यात नवल नाही. पण ती तारीख सरकारने ठरवलेली आहे, समुद्राने नव्हे. वाडवडील नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. त्यामागे श्रद्धा होती, तसा अनुभवही होता.

वल्ह्याच्या लहान होडीला तर ही बंदीच नाही. भातलावणी उरकून खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणारे शेतकरी आपल्याकडे कमी नाहीत. होडी सर्वांत लहान आणि साधनेही सर्वांत कमी, अशी त्यांची स्थिती. आजचे सांगणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पावसाळा सरला म्हणजे धोका टळला, असेही समजू नका. फयान वादळ आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये, ऐन हंगामात. कोकणातले कितीतरी खलाशी त्या वेळी घरी परतले नाहीत. निसर्ग वादळ जून २०२० मध्ये आणि तौक्ते मे २०२१ मध्ये आले.

म्हणून पहिला नियम असा, की जायचे की नाही याचा निर्णय किनाऱ्यावरच करावा. 'बघू, पुढे जाऊन ठरवू' म्हणणारा पुढे जाऊन परत फिरत नाही. रेडिओवर मच्छीमारांना इशारा असेल किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर लहान होडी पाण्यात घालू नये. शेजाऱ्याची होडी गेली म्हणून आपलीही काढायची, ही चढाओढ करू नये. तांडेलाने 'आज नको' म्हटले तर त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

होडीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घालावे. जाळ्याखाली दाबून ठेवलेले जॅकेट वेळेला हाती लागत नाही. पाणी उपसायचा डबा दोरीने बांधून ठेवावा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सर्वांना पाठ असावा. मात्र किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइल चालत नाही, हे विसरू नये.

वारा वाढला तर वजन तळाशी घ्यावे आणि कोणी उभे राहू नये. होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे. होडी लाटेला आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. इंजिन बंद पडले तर बादली किंवा जाळ्याचा गठ्ठा लांब दोरीने पुढच्या बाजूला बांधून पाण्यात सोडावा. त्याच्या ओढीने होडीचे तोंड लाटेकडे राहते. जाळे होडीला खाली ओढत असेल तर कापून टाकावे. जाळे महाग आहे, मान्य. पण ते पुन्हा घेता येते. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये.

परतताना खाडीच्या मुखाशी जास्त सावध राहावे. दाभोळ, बाणकोट, जयगड अशा ठिकाणी ओहोटीचे पाणी बाहेर पडते आणि समोरून लाट आत येते. दोन्हींची गाठ पडली की उथळ जागी पाणी उभे फुटते. अशा वेळी घाईने आत शिरू नये. बाहेर थांबणे शक्य असेल तर भरती लागेपर्यंत थांबावे. घर दिसू लागले की माणूस घाई करतो, आणि घात नेमका तिथेच होतो.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. अपघात झाल्यावर पंचनामा होतोच. त्याआधी एक वही ठेवा. कोणती होडी गेली, त्यात किती माणसे आहेत, कोणत्या बाजूला गेली आणि कधी परतणार, एवढेच त्यात लिहायचे. ठरलेली वेळ टळली की शोध लगेच सुरू करता येतो. इशारा आला की देवळाच्या कर्ण्यावरून तो वाडीवाडीत पोचवा.

सोसायटीच्या संचालकांनीही एक विचार करावा. माणूस खवळलेल्या पाण्यात जातो तो हौसेने नव्हे, हप्त्याच्या धाकाने. वादळी दिवसांत हप्त्याला आठ-पंधरा दिवसांची सवलत दिली, तर संस्था बुडणार नाही. पण त्या हप्त्यापायी होडी बुडाली, तर कर्जदारही जातो आणि घरही उघडे पडते.

बांधवांनो, मासळी उद्याही मिळेल. वारा पडेपर्यंत होडी किनाऱ्यावरच राहू द्या.