न समजलेला होकार

गटकर्ज देणाऱ्या मोठ्या कंपन्या बाईचा फोटो, आधार, नवऱ्याचा मोबाइल नंबर, घराचा पत्ता सारे काही मागतात. ते कुठे साठते, कोण पाहते, कर्ज फिटल्यावर पुसले जाते का, हे तिला कोण सांगते?

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, संमती घ्या. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी एकीत वाचायची सोय द्या. गोंडी त्या 22 मध्ये नाही! मग भामरागडच्या बाईने 'हो' म्हटले, ते नेमके कशाला?

'संमती' हा शब्द आपल्याला नवा नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने संमती गृहीत धरली. त्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, 1983 मध्ये कायदा बदलला. दोन्ही अन्याय सारखे नव्हेत. पण गप्प बाईचा होकार परस्पर लिहून टाकण्याची खोड तीच.

आणि माहिती फुटली तर? कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड, पण तो सरकारी तिजोरीत. बाईच्या पदरात काय? तिची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर तिलाच 10,000 रुपयांपर्यंत दंड!

म्हणून मागणी करू या: सूचना गोंडीत, तोंडी, गटासमोर सांगा. कर्ज फिटल्यावर कायद्याने ठेवावीच लागते तेवढी सोडून बाकी माहिती पुसा. भरपाई बाईच्या हातात द्या. तोवर प्रत्येक गटाने सहीआधी एकच विचारावे: आमचे काय काय घेता, आणि कशासाठी?