ऐकलेले, पारखलेले



सोयाबीनचे कट्टे बाजार समितीच्या वाटेला लागले आहेत, सीतादहीची पूजा करून कपाशीचा पहिला वेचा सुरू झाला आहे आणि दरवर्षीप्रमाणे हा दिवाळी अंक तुमच्या हाती येतो आहे. यंदा अंकाचा विषय आहे ज्ञान. जे आपल्याला ठाऊक आहे असे आपण छातीठोकपणे म्हणतो, त्यातले स्वतः पाहिलेले किती आणि कुणी तरी सांगितलेले किती?

वऱ्हाडात हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर जगून दाखवला. गुलाबराव महाराज १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. वाचता येणे शक्यच नव्हते. तरी इतरांकडून वाचून घेत, तोंडी सांगून लिहवून घेत माधानच्या या प्रज्ञाचक्षूंनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. मनाचा विचार करणारा ‘मानसायुर्वेद’ त्यातलाच. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. १९१५ साली पुण्यात देह ठेवला तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. त्यांचे सगळेच विचार आज पटतील असे नाही. पण कानावर आले ते सारे त्यांनी खरे धरले नाही. घासूनपुसून घेतले, जे पटले नाही त्याच्याशी वाद मांडला. म्हणूनच ते आजही आपल्या कामाचे आहेत.

कारण ऐकीव ज्ञानावाचून कुणाचेच भागत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्यापैकी कुणी मोजून पाहिले आहे? न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीला शब्दालाही प्रमाण मानले, पण तो शब्द आप्ताचा हवा अशी अट घातली. आप्त कोण, याचे भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उत्तर मोलाचे आहे: ज्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू, असेही त्याने बजावले. कुळ, पद, वय यांचा इथे संबंध नाही.

आता हीच गोष्ट शेताच्या बांधावर आणू. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, अशी विदर्भ-मराठवाड्यात ओरड झाली. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस लागून माल भिजला होता, आणि सोयाबीनचे टरफल मुळातच नाजूक. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, हे मानक. आपले बियाणे त्यात बसते की नाही हे घरच्या घरी कळते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. सत्तर भरले तर नेहमीचे प्रमाण, थोडे कमी भरले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी भरले तर ती पिशवी पेरायची नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते हेच सांगत आले आहेत. आमच्या मते विज्ञानाची खूण इथे आहे: आपले म्हणणे कसे तपासावे, हे सांगणारा स्वतःच सांगतो. जो तपासू देत नाही, तो कितीही मोठा असो, त्याच्या शब्दावर पेरणी करू नये. मोबाईलवर रोज येऊन आदळणाऱ्या औषधोपचारांना आणि भाकितांनाही हीच कसोटी लावावी.

पण कुणाच्या शब्दावर पेरायचे, हे आपण खरेच ठरवतो का? इथूनच इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न सुरू होतो. १९८० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी दाखवले की, माणसाला हात हलवण्याची इच्छा जाणवण्याआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली असते. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की निवड हा निव्वळ भास. पण लिबेट यांनी मोजली ती मनगटाची हालचाल. गोणपाट भिजवण्यापासून तिफण जुंपण्यापर्यंतच्या आठवड्यात शेतकरी जे करतो, ते त्या मोजमापात येत नाही. तो वाट पाहतो, मोजतो, घरच्यांशी बोलतो आणि पुराव्यापुढे आपला आधीचा बेत बदलतो. कारणांच्या साखळीबाहेर कुणीच नाही, हे मान्य. पण त्या साखळीत आपण तपासलेला पुरावाही एक कडी होऊ शकतो, आणि आमच्या लेखी माणसाचे स्वातंत्र्य ते हेच. पावसावर आपला हुकूम चालत नाही. कुणाचे ऐकायचे, हे मात्र ठरवता येते. ‘नशिबात होते’ हा शब्द त्या ठरवण्याच्या आधी उच्चारला, तर तो अधिकार आपण आपल्या हाताने सोडतो.

म्हणून या अंकाच्या लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती: तुम्ही जे सांगता ते तुम्हाला कसे कळले, तेही लेखात येऊ द्या. वाचकांनाही विनंती आहे. पटले नाही तर लिहा, चूक आढळली तर दाखवा. दुरुस्ती पुढच्या अंकात ठळक छापू. 



— संपादक