मात्रा कोणी ठरवायची?

मे २००१ मधील एक प्रकरण अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वकील हरीश भारती यांनी मॅकडोनाल्ड्स कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आपले फ्रेंच फ्राइज यापुढे केवळ वनस्पतिजन्य तेलात तळले जातील, असे या कंपनीने १९९० मध्ये जाहीर केले होते. प्रत्यक्षात त्या फ्राइजना गोमांसाच्या अर्काचा स्वाद दिला जात असल्याचे उघडकीस आले आणि तेथील हिंदू व शाकाहारी समाजाला आपली घोर फसवणूक झाल्याचे कळून चुकले. त्याचे पडसाद येथेही उमटले. ठाण्यात कंपनीच्या उपाहारगृहाची मोडतोड झाली, मुंबईत निदर्शने झाली. भारतातील फ्राइजमध्ये असा कोणताही अंश नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. २००२ मध्ये कंपनीने अमेरिकेत क्षमायाचना केली आणि तडजोडीपोटी हिंदू, शाकाहारी आणि अन्य संस्थांना एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

मोडतोडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्या संतापामागील प्रश्न रास्त होता. आपल्या मुखी जाणाऱ्या घासात काय आहे, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. खेद वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला तेव्हा जागा झालेला समाज कंपनीचा खुलासा येताच पुन्हा निर्धास्त झाला. गोमांस नाही ना, मग हरकत नाही, असे म्हणून आपण मुलाबाळांसह त्याच रांगेत जाऊन उभे राहिलो. त्या कागदी पुड्यात ‘काय’ आहे हे विचारणाऱ्या आपण, त्यात ‘किती’ आहे आणि ते ‘किती’ कोणी ठरवले, हा प्रश्न मात्र कधी विचारलाच नाही.

पुडा मोठा कसा झाला?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका चित्रपटगृहात सापडते. डेव्हिड वॉलरस्टीन हे शिकागो परिसरातील चित्रपटगृहांच्या व्यवसायातले गृहस्थ. मक्याच्या लाह्यांची एक पुडी संपवलेला प्रेक्षक दुसरी घ्यायला सहसा उठत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. पोट भरलेले असे म्हणून नव्हे, तर दोन पुड्या घेणारा मनुष्य चारचौघांत खादाड दिसतो म्हणून! तेव्हा त्यांनी एकच, पण मोठी पुडी विकायला ठेवली. ग्राहकाची भीड मोडली आणि विक्री वाढली. हेच वॉलरस्टीन पुढे मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर आले. फ्राइजचाही मोठा पुडा असावा, हा त्यांचा आग्रह कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांना आरंभी पटेना. ज्याला अधिक हवे तो दोन पुडे घेईल, असे त्यांचे साधे म्हणणे होते. अखेर वॉलरस्टीन यांचे मत मान्य झाले आणि १९७२ मध्ये मोठा पुडा आला.

आकडे पाहिले म्हणजे या प्रवासाची कल्पना येते. १९५५ मध्ये या दुकानांत मिळणारा फ्राइजचा पुडा सुमारे ६८ ग्रॅमचा होता. पुढे ‘सुपरसाइझ’ नावाचा जो पुडा आला तो सुमारे २०० ग्रॅमचा होता आणि त्यात ६१० उष्मांक होते. माणसाचे पोट तेवढेच राहिले. पुडा मात्र जवळजवळ तिप्पट झाला. २००४ मध्ये मॉर्गन स्परलॉक यांचा ‘सुपर साइझ मी’ हा माहितीपट गाजला आणि त्याच वर्षी कंपनीने हा पुडा बंद करण्याचे जाहीर केले. येथे हेही नमूद केले पाहिजे, की आपण दीर्घकाळ मद्यपान करीत होतो, अशी कबुली स्परलॉक यांनी २०१७ मध्ये दिली. त्यामुळे त्यांच्या प्रकृतीतील बिघाडाचे सारे खापर त्या खाद्यावर फोडता येणार नाही. परंतु पुड्याचा आकार वाढत गेला, हे सत्य त्या माहितीपटावर अवलंबून नाही.

व्यापाराचे गणित अगदी सोपे आहे. जागेचे भाडे, नोकरांचे वेतन, जाहिरातीचा खर्च हे सारे पुडा लहान असो वा मोठा, तेवढेच राहते. बटाटा तर स्वस्तच. मूठभर फ्राइज अधिक घालायला दुकानदाराला नाममात्र खर्च येतो, ग्राहकाकडून मात्र त्याहून कितीतरी अधिक रक्कम मिळते. ‘थोडे पैसे वाढवून मोठा घ्या’ ही विनंती सौजन्याची नसते, हिशेबाची असते. आणि पुढ्यात अधिक आले की मनुष्य अधिक खातो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट झाले. ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅम अन्न पुढे ठेवले, तेव्हा त्याच माणसांनी ३० टक्के अधिक उष्मांक पोटात घातले.

दोष बटाट्याचा नव्हे

काही जण म्हणतील, अखेर बटाटाच तर आहे! बटाट्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. हा कंद पोर्तुगीजांबरोबर आला, त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आले. तरीही आपण त्याला इतके आपलेसे केले, की तो उपवासालाही चालतो. परकीय वस्तू पचवून आपली करण्याची शक्ती या समाजात आहे, याचे बटाटा हे उत्तम उदाहरण होय. प्रश्न आहे तो त्या बटाट्याचे काय केले जाते याचा.

उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात ८५ ते ९० उष्मांक असतात. तेवढ्याच वजनाच्या फ्राइजमध्ये ते ३०० च्या वर जातात. कारण उघड आहे. बटाट्याच्या बारीक कांड्या केल्या की तेलाशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढतो. उकळत्या तेलात आतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि तिची जागा तेल घेते. शिवाय हे फ्राइज कारखान्यात एकदा तळून, गोठवून दुकानात येतात आणि तेथे पुन्हा तळले जातात. वरून मीठ पडते. त्याने तहान लागते आणि शेजारी साखरेचे शीतपेय तयारच असते.

सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ खाद्यपदार्थांची तृप्ती देण्याची क्षमता मोजण्यात आली. समान उष्मांकांच्या तुलनेत पांढऱ्या पावाला १०० गुण दिले, तर उकडलेल्या बटाट्याला सर्वांत अधिक, म्हणजे ३२३ गुण मिळाले. फ्राइजना मिळाले अवघे ११६. कंद तोच, एका रूपात पोटाला तृप्ती देणारा, दुसऱ्या रूपात भूक चाळवून हात पुन्हा पुड्याकडे नेणारा. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आणली. पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर तळले वा भाजले असता त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या द्रव्यांत गणलेले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्य व्यावसायिकांच्या आहाराची जवळजवळ चार दशकांची नोंद त्यात तपासली गेली. आठवड्यातून तीन वेळा फ्राइज खाण्याशी मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढण्याचा संबंध आढळला. उकडलेल्या, भाजलेल्या वा कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत तसा ठळक संबंध दिसला नाही. असे अभ्यास संबंध दाखवतात, थेट कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत, हे खरे. परंतु बटाटा निर्दोष आणि तळण सदोष, हा त्यातील निर्देश पुरेसा बोलका आहे.

हा धोका आपल्याला अधिक

अमेरिकेची ही कथा आपल्याला कशाला, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. १९९६ मध्ये दिल्लीत या कंपनीचे पहिले दुकान उघडले. आता अशा दुकानांची लाट लहान शहरांपर्यंत पोहोचली आहे. फ्राइजचा बटाटा गुजरातेतल्या शेतात पिकतो, तेथील कारखान्यात कापला जातो, दुकाने भारतीय कंपन्या चालवतात. पण बटाटा स्वदेशी झाला म्हणून त्यातले तेल कमी होत नाही आणि मोठ्या पुड्याची व्यापारनीती स्वदेशी ठरत नाही.

त्यातही आपली देहप्रकृती वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या ब्रिटिश सहकाऱ्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही सारखेच सडपातळ. प्रत्यक्ष मोजणीत मात्र ब्रिटिश सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के मेद, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के मेद निघाला! वरून किडकिडीत दिसणारा भारतीय आतून मेदाचे ओझे वाहत असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. तरुणांचा देश म्हणून आपण ज्या सामर्थ्याचा अभिमान बाळगतो, ते सामर्थ्य रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले तर राष्ट्राच्या उन्नतीचा भार कोणी वाहायचा?

मग आमचा वडा निर्दोष?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. आमचा बटाटेवडा काय तेलाविना होतो? समोसा, भजी, चिवडा यांचे काय? हा आक्षेप प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. तेलाला राष्ट्रीयत्व नसते. रस्त्यावरील गाडीवर दिवसभर तापणारे काळे तेल हे कोणत्याही विदेशी तेलाइतकेच घातक. तळणीचे तेल किती खराब झाले म्हणजे ते टाकून द्यावे, याची मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून घालून दिली आहे, ती सर्वांनाच लागू आहे. केवळ देशी म्हणून वडा पथ्याचा ठरत नाही.

तथापि एक भेद आहे. आपल्या घरांत तळण हे सणासुदीचे होते. दिवाळीच्या फराळासाठी कढई चढायची, ती उतरली की पुढे कित्येक दिवस तळणाचे नाव नसायचे. पंचांग आणि गृहिणीचे श्रम या दोहोंनी तळणाला आपोआप मर्यादा घातली होती. आज ती मर्यादा गळून पडली. रोजचा दिवस सणाचा झाला आणि श्रम यंत्राचे झाले. पंगतीत आग्रह आपणही करीत होतो. पण पानावर आडवा हात धरला की वाढणारा पुढे सरकायचा. पुड्याला तो हात दिसत नाही. उलट ‘पानात काही टाकू नये’ हा आपला उत्तम संस्कारच येथे आपल्यावर उलटतो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारे मूल भूक नसतानाही तळाशी उरलेला शेवटचा तुकडा संपवते आणि आपण त्याचे कौतुक करतो. संस्कार आपला, लाभ मात्र दुसऱ्याचा!

आपल्या पूर्वसूरींनी या विषयाचा किती सूक्ष्म विचार केला होता! चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. काय खावे याइतकेच किती खावे हे महत्त्वाचे, आणि ही मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर अवलंबून असते, असा त्याचा आशय. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. मात्रा खाणाऱ्याने ठरवायची, हे या विचाराचे सार आहे. लहान, मध्यम, मोठा अशा तीन कप्प्यांत सर्व मानवजातीची भूक कोंबणारी व्यवस्था नेमका हाच अधिकार आपल्याकडून काढून घेते.

आपल्या हातातील उपाय

शासनाने काहीच केलेले नाही, असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून अशा पदार्थांना मज्जाव केला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, साखर वा मीठ असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात करता येत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थासमोर उष्मांक लिहिण्याचे बंधन २०२२ पासून लागू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी घरातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. परंतु नियम कागदावर आणि आवाहन आकाशवाणीवर राहिले तर त्याचा उपयोग काय? आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जाते, हे किती पालक जाऊन पाहतात? फलकावर किंमत वाचणारे किती जण शेजारचा उष्मांकांचा आकडा वाचतात?

परिवर्तनाचा आरंभ कुटुंबापासूनच व्हावा लागेल. मुलांना एकदम बंदी घालून हा विषय सुटणार नाही. बंदीने ओढ वाढते. जायचेच असेल तर सर्वांत लहान पुडा घ्यावा आणि तोही दोघातिघांत वाटून खावा. मोठ्या पुड्याचे आमिष दाखवले तर नम्रपणे नकार द्यावा. चांगले गुण मिळाले म्हणून फ्राइज, वाढदिवस म्हणून फ्राइज, हा पायंडा बंद करावा. ज्या वस्तूला आपण बक्षीस म्हणतो तिची गोडी मुलांच्या मनात कायमची रुजते. पोट भरले की थांबण्याची मुभा मुलाला द्यावी आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून आधी कमी घ्यायला शिकवावे. आणि घरी उकडलेल्या बटाट्याची साधी भाजी आनंदाने रांधावी.

२००१ मध्ये आपण एका बलाढ्य कंपनीला प्रश्न विचारला आणि तिला उत्तर द्यावे लागले. त्या वेळचा प्रश्न तिच्या तेलाविषयी होता. आताचा प्रश्न आपल्या स्वतःच्या हाताविषयी आहे. तो हात पुड्याच्या तळापर्यंत जाणार की मध्येच थांबणार, हे दुकानदाराने ठरवायचे की आपण? जो समाज आपल्या घासाची मात्रा स्वतः ठरवू शकत नाही, त्याने स्वत्वाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?