‘कॉन्टॅक्ट टू मी’ नको
डी.फार्म. झालेली माझी जुनी विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज दाखवायला आली. त्यात होते, ‘प्लीज कॉन्टॅक्ट टू मी.’ दोष तिचा एकटीचा नाही. मराठीत ‘माझ्याशी’ संपर्क, घरच्या उर्दूत ‘मुझ से’ राब्ता. हाच ‘शी’, हाच ‘से’ इंग्रजीत ‘टू’ होऊन शिरतो. तिथे नुसते ‘कॉन्टॅक्ट मी’ पुरते. ‘गेट इन टच’ला मात्र ‘विथ’ हवाच. शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’, ‘मीट’ नव्हे.

पण मी अडले ते ‘आय नो युवर मॅनेजर वेल’वर.

“तू ओळखतेस त्यांना?”

“नाही मॅडम, मामू ओळखतात.”

इथे व्याकरण बरोबर होते, वाक्य खोटे होते. ‘माय अंकल नोज युवर मॅनेजर’ असे बदलून घेतले. तेही मामूंना फोन करून, विचारून.